बरणीवरची पाळत

"आनंदाची लघवी कुठल्या रंगाची होते, तेवढं बघून ये," मामा म्हणाले. "आणि त्याला कळू देऊ नको."

सकाळची वेळ होती. मी चहात खारी बुडवून धरली होती. ती तुटून तळाला गेली.

"मामा, हे कसं बघायचं?"

"फौजदार तू होणार का मी?"

मुद्दा बिनतोड होता. त्या वर्षी मी फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे घरच्यांच्या डोळ्यांदेखत झोपत होतो. आईला ते बघवेना. तिनं मला तिच्या भावाकडे, विट्याच्या पुढं बोरजाईवाडीच्या माळावर धाडून दिलं. तिथं शांतता आहे, पोरगं चार अक्षरं वाचील, म्हणाली. हिंदुरावमामांची तिथं पोल्ट्री होती. अख्खी शेड भरून पिल्लं एकदम चिवचिवायला लागली की शांतता म्हणजे काय ते माणसाला नीट कळतं.

आनंदा त्या शेडवरचा गडी. तो आणि त्याची बायको सोजर शेडला लागून असलेल्या खोलीत राहायची. पोरगी फाट्यावरच्या शाळेत दहावीला होती. आनंदा नाव ठेवून आईबापांनी त्याच्यावर एक जबाबदारी टाकली होती, ती त्यानं कधी उचलली नाही. त्याचा चेहरा कायम एसटी चुकलेल्या माणसासारखा असायचा.

तो शेडमागच्या बाभळीकडे निघाला, तसा मीही निघालो.

"काय पावणं?" तो वळून म्हणाला.

"काही नाही. बाभूळ बघतोय."

"बगा."

तो थांबला. मीही थांबलो.

"झाली का बगून?"

"शेंगा चांगल्या धरल्यात."

त्यानं वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "ह्या दिसांत बाभळीला शेंगा नसत्यात, पावणं. मालकानं धाडलंय व्हय?"

"नाही."

"मग बगा निवांत," म्हणून त्यानं आपलं काम उरकलं. कशासाठी धाडलंय ते त्याला कळलं नव्हतं. पण मालकानं धाडलंय म्हटल्यावर लपवण्यात अर्थ नसतो, एवढं त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

"पाण्यासारखी," मी येऊन मामांना सांगितलं.

मामांनी मान डोलावली. "म्हणजे स्वतः पीत न्हाई. बाहेर देतोय."

पिवळी निघाली असती तर तो पीत होता. त्या तपासात आनंदाला सुटायला वाटच ठेवलेली नव्हती.

प्रकरण असं होतं. शेडमधल्या पिल्लांच्या पायाची बोटं आत वळायला लागली होती, मूठ आवळल्यासारखी. पिल्लू त्या मुठीवर उभं राहायला बघायचं आणि बसायचं. मग घोट्यावर रांगत पाण्यापर्यंत जायचं. डॉक्टर मॅडमनी पिल्लू उलटंपालटं करून सांगितलं, बी-टू कमी पडतंय. बी-टू हे एक जीवनसत्त्व. ऐकून मामा चिडले. कारण बी-टूची पूड ते स्वतः सांगलीहून आणत, दर बाजारच्या दिवशी स्वतःच्या हातानं पाण्यात कालवत, आणि त्यातलं एक माप सोजर रोज सकाळी पिल्लांच्या पाण्यात घालायची. औषध जात होतं, मग बोटं का वळावीत?

"मधल्यामधी कोणतरी खातंय," मामा म्हणाले. हे वाक्य ते कशाबद्दलही म्हणू शकत.

पूर्वी हे औषध खाद्याच्या खोलीत, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असायचं. पण डब्यातलं डब्यालाच ठाऊक, असं म्हणून मामांनी पिल्लांच्या ह्या लॉटपासून ते काचेच्या बरणीत ठेवायला घेतलं. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांना असते तसली मोठी बरणी, आत पिवळंजर्द पाणी, बाहेरून पातळीची खूण. येता-जाता दिसावी म्हणून ती खिडकीत ठेवली, आणि मामांना दिसायला लागलं. बाजारच्या दिवशी हळदीसारखं असलेलं पाणी पुढं लिंबाच्या सरबतासारखं व्हायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत नुसतं पाणी उरायचं. पातळी मात्र रोजचं माप वजा जाता अगदी बरोबर.

"पेलाभर काढायचं, पेलाभर साधं पाणी घालायचं," मामांनी मला समजावलं. "दूधवाल्यांची विद्या हाय ही. आणि काढलेलं जातं कुठं?" त्यांनी ओढ्यापलीकडे बोट केलं. तिथं सोजरच्या भावानं, दिनकरनं, नुकतीच स्वतःची शेड घातली होती. "त्याची पिल्लं बघ. कशी टणाटणा उड्या मारत्यात."

मला एवढ्या लांबून शेडचा पत्रा तेवढा दिसत होता. मामांना उड्या दिसत होत्या.

लघवीची परीक्षा ही त्यांच्या स्वानुभवातून आली होती. तंबाखूनं त्यांचं तोंड येई, त्यावर ते जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात, आणि त्या खाल्ल्या की लघवी पिवळीधमक होते हे त्यांनी स्वतः पडताळलेलं होतं. दिनकरचीही बघून ये, असं ते म्हणतील ह्या भीतीनं मी विषय बदलला.

दुपारी त्यांनी आनंदाला आणि सोजरला पडवीत बोलावलं.

"माझं काय म्हणणं न्हाई," मामा म्हणाले. काही म्हणायचं असलं की त्यांची सुरुवात अशी असे. "हा लॉट निघाला की तुमी पण निघा."

सोजर बोलली. "कुठं निघा? पोरीची दहावी हाय. मधीच कुठली शाळा घील तिला?"

"हे औषध काढताना सुचायचं होतं."

"आमी कोंबड्यांचं औषध चोरून काय करावं, आबा? अंडी घालावी?"

मला हसू आलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी ते गिळलं. तपास करणाऱ्यानं तटस्थ असावं लागतं.

"तुज्या भावाची शेड काय वाऱ्यावर चालती?" मामा म्हणाले.

सोजरनं पदर खोचला. "पुरावा दावा. दावलात तर लॉट निघायची वाट बगत न्हाई, त्याच दिशी जातो. पण पुरावा पायजे."

"धैर्यशील दावंल."

धैर्यशील म्हणजे मी.

मी बंदोबस्तापासून सुरुवात केली. बरणी खिडकीतून काढून बाहेर अंगणातल्या कट्ट्यावर मांडली. चारी बाजूंनी मोकळं, कुणी जवळ आलं तर लपायला जागा नाही. कट्ट्यावर हिरव्या जाळीची सावली पडायची, त्यात बरणी नीट दिसेना, म्हणून मामांनी जाळी काढायला लावली. झाकणावर फडकं, फडक्यावर दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील. सकाळी मामा स्वतः सील फोडणार, सोजरला माप काढून देणार, पुन्हा सील लावणार. समोर खुर्ची टाकून मी, हातात सामान्य ज्ञानाचं पुस्तक.

औषध पूर्वीपेक्षा झपाट्यानं चोरीला जायला लागलं.

"डोळा लागला हुता तुझा?" मामांनी विचारलं.

"नाही."

"उठला हुतास?"

"एकदा. बाभळीकडे."

"मग तेवढ्यात."

"पण मामा, सील तसंच आहे."

मामांनी सील नखानं खरवडलं, वास घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे चोर शिकलेला हाय." आणि ते माझ्याकडे गरजेपेक्षा थोडं जास्त बघत राहिले. माळावर शिकलेला असा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर नजर ठेवायला त्यांनी मामींना बसवलं. मामी लसूण सोलत माझ्याकडे बघत, मी बरणीकडे बघे आणि मामा खिडकीतून आम्हा दोघांकडे. सोजर बादली घेऊन जाता जाता म्हणाली, "अशी टक लावून बसलाय, दृष्ट लागंल की बरणीला."

मामींना ही शक्यता एकदम पटली. त्यांनी मीठ-मिरच्या आणून बरणीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. आम्हा तिघांनाही घसा फाटेस्तोवर ठसका लागला.

"न्हाई, दृष्ट न्हाई," मामा डोळे पुसत म्हणाले. "माणूसच हाय."

इकडे मुठी वळलेली पिल्लं वाढत होती. आनंदा एकेका पिल्लाला उचलून पाण्याच्या भांड्यापाशी न्यायचा, चोच बुडवायचा, पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा. दिवसभर तेच. मामा शेडच्या जाळीतून बघत उभे राहायचे. "कवा बघितलं हुतंस का त्याला एवढं प्रेम करताना?" ते मला विचारत. मला काय सांगता येणार? मी येऊन महिनाही झाला नव्हता. पण खरं सांगायचं तर तोवर मलाही ते प्रेम संशयास्पद वाटायला लागलं होतं. एकदा बघायचंच ठरवलं की माणसाच्या पाठीवरसुद्धा काहीतरी लिहिलेलं दिसतं.

मग मला पुस्तकातला मुद्देमाल आठवला. पुढच्या बाजारच्या दिवशी मामांनी ताजं औषध कालवल्याबरोबर मी त्यातलं थोडं एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरलं, बुचावर कागद चिकटवला, कागदावर मामांची आणि माझी सही घेतली, आणि बाटली मामींच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. किल्ली मामांच्या करगोट्याला. उरलेलं औषध बरणीत, बरणी कट्ट्यावर.

बरणी नेहमीसारखी फिकी पडत पडत पाण्यावर आली, तेव्हा एका सकाळी आम्ही कपाट उघडलं. बाटली हळदीसारखी पिवळीजर्द होती.

मामा इतके खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तंबाखूचा वास अजून आठवतो.

"आनंदा! सोजर! या हिकडं!" त्यांनी बाटली बरणीशेजारी ठेवली. "बघा. एका दिशी, एका हातानं कालवल्यालं. कुलपातलं तसंच्या तसं. भाईरचं गेलं. आता बोला."

आनंदा वाकून दोन्हींकडे बघत राहिला. एसटी चुकलेला चेहरा गेला आणि त्या जागी भ्यालेल्या माणसाचा चेहरा आला. "मालक, मी न्हाई काढलं," तो म्हणाला. त्याला स्वतःलाही ते खोटं वाटत असावं, अशा आवाजात.

सोजर बाटलीकडे बघत होती. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "दिनकरला दिलंसा का काय तुमी?" तिनं विचारलं. अगदी हळू. पण माळावर त्या वेळी वारा नव्हता.

आनंदा नुसता तिच्याकडे बघत राहिला. तिनंच मान खाली घातली.

"शब्द दिलाय," ती मामांना म्हणाली. "आजच जातो." आणि खोलीत जाऊन भांडी गोळा करायला लागली.

"असं न्हाई," मामा म्हणाले. "रीतसर हुईल. पोलीस पाटलाला बोलवू. पंचांसमक्ष."

रंगरावअण्णा पाटील शेजारच्या वाडीत बारशाला गेले होते. जेवून येतो, असा निरोप आला. तोवर पुराव्याला कुणी हात लावू नये म्हणून मामा स्वतः खुर्ची टाकून कट्ट्यासमोर बसले. डोक्यावर टॉवेल, समोर भर उन्हात बाटली आणि बरणी. आनंदा आणि सोजर लांब खोलीच्या दारात ट्रंकेवर बसून. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर दोघांनी ठेवलेलं. मामींनी भाकरी आणली, ती मामांनी बाटलीवरची नजर न काढता खाल्ली. ठेचा समजून दोनदा ताटाचा काठ पुसला. मला मध्येच एकदा बाटली जरा निवळल्यासारखी वाटली, पण ऊन मी म्हणत होतं, डोळे दिपले असतील म्हणून मी बोललो नाही. मामाही बोलले नाहीत. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली. थोड्या वेळानं अजून पुढं. शेवटी गुडघे कट्ट्याला टेकले.

उन्हं कलली तेव्हा रंगरावअण्णा आले. फेटा सैल, तोंडात पान.

"चोरी कशाची झाली?"

"रंग गेला," मामा म्हणाले.

"काय?"

"औषधातला पिवळेपणा. पाणी हाय तेवढंच हाय."

अण्णांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बरं. पुरावा?"

मामांनी कट्ट्याकडे हात केला. अण्णा वाकले. त्यांनी बाटली उचलून बघितली, बरणी बघितली. पुन्हा बाटली.

"ह्यातलं चोरीचं कुठलं आन कुलपातलं कुठलं?"

बाटलीत पाणी होतं. अगदीच उजेडाकडे धरलं तर पिवळसर म्हणता येईल असं पाणी. वर सीलचा कागद, त्यावर मामांची सही, तिच्याखाली माझी. कोपराही सुटलेला नव्हता.

"सकाळी पिवळी हुती," मामा म्हणाले.

"सकाळपासनं हिच्यापाशी कोण हुतं?"

"मी."

"उठला हुता?"

"जागचा हललो न्हाई."

"आनंदा?"

"तिकडं. ट्रंकेवर."

"हिंदुराव," रंगरावअण्णा म्हणाले, "उरलेली बासुंदी टाकून आलोय, म्हणून सरळ बोलतो. तुमचं सोडून दुसरं नाव माज्यापाशी न्हाई."

मीच मामांच्या खिशातला फोन काढून डॉक्टर मॅडमना लावला आणि आवाज मोठा केला.

"मॅडम," मामा म्हणाले, "बी-टू आपोआप जातं का?"

"आपोआप कसं जाईल? कशात ठेवलंय?"

"काचेच्या बरणीत."

"आणि बरणी कुठाय?"

"ही समोर. सगळ्यांना दिसंल अशी."

"उन्हात? अहो आबा, उजेड लागला की ते तुटतं. पूड असते तोवर निभतं एकवेळ, पाण्यात विरघळली की उजेड तिला खातो. रंग पण त्यानंच जातो. आधी कशात ठेवत होता?"

"डब्यात. पत्र्याच्या."

"झाकण होतं?"

"व्हय."

"मग त्या डब्यानं काय घोडं मारलं होतं? आजच्या आज डब्यात करा नवीन. फार वळली नसतील ती बोटं सुटतील."

मामांनी फोन ठेवला. चोर सापडला होता. तो दिनकरच्या शेडवरून मावळायच्या तयारीत होता आणि त्याचा जबाब घ्यायची सोय नव्हती. रंगरावअण्णा फेटा सारखा करून बासुंदीकडे परत गेले.

मामा घसा खाकरून म्हणाले, "सोजर, चहा ठेव सगळ्यांना."

मामांना ओळखणाऱ्याला कळलं असतं की त्यांनी माफी मागितली. सोजर त्यांना चांगली ओळखत होती. ती उठली, ट्रंक ओढत कट्ट्यापाशी घेऊन आली आणि झाकण उघडलं.

"बगून घ्या, आबा."

"हे काय?"

"गडी जाताना ट्रंक बगायची रीत हाय तुमची. मागच्याची तर वाकळ उसवून बगितली हुती."

"आरं, जातंय कोण? आनंदा, सांग हिला. पोरीची दहावी हाय."

"दिनकरकडनं बी शाळा गाठता येती तिला. जरा लवकर उठंल," आनंदा म्हणाला. तो जागेवरून उठून आला होता. एवढं सलग बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं. "तुमी चोर म्हणलासा, मालक, त्याचं काय न्हाई. मालक म्हणत्यात. पण हिनं माज्याकडं बगितलं. ह्या कट्ट्यापाशी. हितं ऱ्हायलो तर रोज ही जागा दिसंल."

सोजरचा हात ट्रंकेत होता, तो तसाच राहिला. मग तिनं एकेक वस्तू काढून कट्ट्यावर ठेवायला सुरुवात केली. लुगडी, पोरीची पुस्तकं, पितळेचा तांब्या, फडक्यात गुंडाळलेला देव. चौकटीतला लग्नाचा फोटो, त्यात नवरानवरीच्या मागं तरणेताठ मामा उभे.

"बगा की," ती म्हणाली.

मामांनी मान फिरवली. पार शेडच्या भिंतीकडे. "धैर्या, तू बघ," ते भिंतीला म्हणाले.

मी बघितलं. कुणीतरी बघितल्याशिवाय ती थांबणार नव्हती. वाकळ तिनं स्वतःच झटकून दाखवली.

"घावलं काय, पावणं?"

"नाही, वहिनी."

"लिवून द्या."

आता त्याला बरीच वर्षं झाली. फौजदार मी झालो नाही. पंचनाम्याचा नमुना पाठ केला होता, तो आयुष्यात तेवढा एकदाच वापरला. पुस्तकाचं मागचं कोरं पान फाडून लिहिलं: समक्ष तपासणी केली असता आक्षेपार्ह असे काहीही मिळून आले नाही.

"आबांची सई पायजे," सोजर म्हणाली.

मामा विजेचं बिलसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचायचे. मी कागद पुढं धरला. त्यांनी भिंतीकडचं तोंड अर्धं वळवलं, पेन घेतलं आणि न वाचता सही केली.

सोजरनं सामान पुन्हा ट्रंकेत भरलं. कागद मात्र ट्रंकेत टाकला नाही. तिनं त्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आनंदाच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.